अर्धी कादंबरी वेल्ह्याला

लग्न झालं तेव्हा मी भोरला शाळेत शिकवत होते आणि नवरा वेल्ह्याला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. सरकारी कागदावर त्याचं पद लांबलचक होतं, पण तिकडची माणसं त्याला सरळ डॉक्टर म्हणायची. सोमवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तो निघायचा, नसरापूर फाट्यावर गाडी बदलायचा आणि विंझरवरून वेल्ह्याला पोचायचा. परत यायचा तो थेट शनिवारी संध्याकाळी. मधले सगळे दिवस घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी अम्मी म्हणायचे.

शाळेतल्या बायका माझी कीव करायच्या. नवीन लग्न आणि असं राहायचं! मला वाईट वाटायचंच, पण त्यांना वाटायचं तेवढं नाही. आमची तोंडओळखच मुळी पुस्तकांवरून झाली होती. मला बघायला आले तेव्हा मोठी माणसं आत चहा घेत असताना नवऱ्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, "सध्या काय वाचताय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "शेवट फसलाय त्याचा." मला राग आला आणि तिथेच मी होकार द्यायचं ठरवलं. म्हटलं, या माणसाशी निदान बोलायला तरी विषय असेल.

भोरच्या वाचनालयाचं आमच्या दोघांत एकच कार्ड होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर तिथं एका कादंबरीसाठी रांग लागली होती. एकोणिसाव्या शतकातले एक थोर लेखक, ज्यांचा धडा मी स्वतः वर्गात शिकवायचे, त्यांच्या बायकोवर कुणा लेखिकेनं ती लिहिली होती. या थोर गृहस्थांनी चांगलं जाडजूड आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं. त्यात त्यांचे गुरुजी होते, मित्र होते, शत्रू होते, एक आवडतं घोडंसुद्धा होतं. बायको होती ती एका वाक्यात, आणि तेही लग्न झालं एवढंच सांगणारं. त्या एका वाक्यावरून लेखिकेनं ही मोठी कादंबरी उभी केली होती. वर्तमानपत्रात तिचं कौतुक आलं आणि भोरमधल्या सगळ्या वाचणाऱ्या बायका एकाच वेळी वाचनालयात धडकल्या.

माझी पाळी येईपर्यंत पुस्तकाची दशा झाली होती. पाठीचा कणा मोडून त्याचे सरळ दोन तुकडे झाले होते. ग्रंथपालांनी ते सुतळीनं बांधून माझ्या हातात ठेवलं आणि बजावलं, "बाई, बाइंडिंगला द्यायचंय, पण लोक थांबू देत नाहीत. तुम्ही तरी सांभाळून वाचा."

ते मी शनिवारी आणलं, आणि तीच चूक झाली. नवरा संध्याकाळी आला, चहा होईस्तोवर म्हणून त्यानं ते उघडलं आणि चहा गार झाला. रविवारी दुपारपर्यंत मला ते बघायलाही मिळालं नाही. मी म्हटलं, "रांगेत मी उभी राहिले होते." तो म्हणाला, "मग मी कुठं पळवून नेतोय?" आणि सोमवारी सकाळी बघते तर पुस्तक त्याच्या पिशवीत, टॉवेलखाली.

आमचं जुंपलं. एस.टी.ची वेळ झाली होती. मी पिशवी एका बाजूनं धरलेली, त्यानं दुसऱ्या बाजूनं. अम्मी परसात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्यांचं माहेर कामथडीचं, बोलणं तिकडचं, आणि आवाज हमरस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असा. त्या आत आल्या, पिशवीतून पुस्तक काढलं, सुतळीची गाठ दातांनी सोडली आणि वरचा तुकडा त्याच्या हातात दिला, खालचा माझ्या.

"ह्ये तू घे, आन् ह्ये तुला. शनवारी बदला. आता यष्टी धर."

तो पहिला भाग घेऊन पळाला. मला वाटलं, शनिवारपर्यंत थांबावं, आधी शेवटाकडून कोण वाचतं? संध्याकाळी शाळेतून आले, वह्या तपासल्या, भाकऱ्या झाल्या, आणि मग तो तुकडा नुसता समोर पडलेला बघवेना. म्हटलं, एक पान बघावं.

माझ्या भागात ती बाई चाळिशीच्या पुढची होती. नवरा आता मोठा माणूस झाला होता. घरी पाहुण्यांची रीघ, बाहेर सभा, चौकात सत्कार. आणि ही बाई घरात करवादलेली. सुनेच्या हातून दूध उतू गेलं की दिवसभर अबोला धरायची. नवऱ्याला भेटायला आलेल्या तरुण मंडळींना दारातूनच परत पाठवायची. कुणाशी धड बोलायची नाही. कादंबरीत ती बोलायची तेव्हाही दोन-तीन शब्दांच्या वर जायची नाही. मी वाचत गेले आणि मला ती आवडेनाशी होत गेली. दुर्लक्षित बायको म्हणून मी डोळे पुसायची तयारी ठेवून बसले होते आणि पुढ्यात ही खाष्ट म्हातारी. मला लेखिकेचाच राग यायला लागला. सोसलेल्या बाईला इतकं कडू कशाला दाखवायचं?

त्या काळी आमच्या घरात फोन नव्हता. वेल्ह्याला स्टँडजवळ एक एसटीडी बूथ होता, तिथून नवरा बुधवारी संध्याकाळी आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचा. दुकान ज्या चालवायच्या त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. त्या मला हाक मारायच्या, "बाईऽ, डॉक्टरांचा फोन!" आणि मी हातातलं टाकून पळायचे. फोन गल्ल्याशेजारी होता, त्यामुळे माझं बोलणं वहिनींना आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना आपोआप ऐकू जायचं. आम्ही नेहमी काय बोलायचो? बरी आहेस ना, अम्मीचे गुडघे कसे आहेत, शनिवारी येताना तांदूळ आणतो. एवढंच.

त्या बुधवारी मात्र त्यानं बरी आहेस ना विचारायच्या आधीच सुरुवात केली. "अगं, काय मुलगी आहे ही! वाचताना मी इतका हसलो की आमचे कंपाउंडरकाका दचकले."

"कुठली मुलगी?"

"अगं हीच! नऊ वर्षांची सासरी आलीये आणि अख्ख्या घराच्या नकला करते. दम लागलेल्या भटजींची, चुलत सासूची. सासऱ्याला ठसका लागेपर्यंत हसवते. काय गोड आहे!"

मला खरंच वाटेना. मी म्हटलं, "ती? हसवते? अहो, मी तिला आयुष्यात एकदाही हसताना बघितली नाही."

"तू नीट वाचतच नाहीस."

"मी नीट वाचत नाही? तुम्ही तिचं तरुणपण बघून भुललात. पुढं ती कशी निघते ते मला विचारा."

"कशी का निघेना, मला तर ती फार आवडली."

"तुम्हाला आवडली म्हणून मलाही आवडलीच पाहिजे का? मी असते तर असल्या बाईला घरात उभी केली नसती. एक दिवस सगळ्यांना घराबाहेर काढते ती, माहीत आहे? आणि हसरी म्हणे! तुमच्यापुढं हसत असेल."

तो पलीकडून पोट धरून हसत होता. मी रागानं फोन ठेवला, खरं तर लटक्याच रागानं. वळून बघते तर वहिनी तराजूत साखर घेऊन तशाच उभ्या, आणि दुकानात आलेली उत्रोलीची एक बाई तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघतेय. मला वाटलं, मी फार मोठ्यानं बोलले म्हणून असेल. मी ओशाळं हसले आणि घरी आले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर घरी आले तर दाराला कुलूप. अम्मी कुठं जायच्या झाल्या तर आधी सांगायच्या. किल्ली वहिनींकडे असेल म्हणून दुकानात गेले. वहिनींनी किल्ली दिली, पण माझा हात धरून ठेवला. डोळ्यांत पाणी.

"चाची वेल्ह्याला गेल्यात," त्या म्हणाल्या. "सकाळच्याच गाडीनं. तुम्ही धीर सोडू नका, बाई."

वेल्ह्याचे रस्ते, त्याची मोटरसायकल, शिंगं मारणारी जनावरं, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. "काय झालं त्यांना? कुणाचा निरोप आला?"

"त्यांना काय व्हायचंय?" वहिनी एकदम तडकल्या. "पुरुषाला काय होतं? व्हायचं ते आपल्याला होतं. पण चाची खमक्या आहेत. त्या म्हणाल्या, तिला बघते आणि तिथनंच वाटेला लावते."

"कुणाला?"

"आता माझ्यापुढं कशाला लपवता, बाई? फोनवर सगळं ऐकलं मी. ती वेल्ह्याची, हसरी."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी तिथंच पोह्यांच्या पोत्यावर बसले आणि हसायला लागले. हसू थांबेना. वहिनींना वाटलं, धक्क्यानं झालंय हे. त्यांनी आतून पाणी आणलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मधे मधे "पुस्तक, वहिनी, पुस्तक" एवढंच म्हणू शकत होते. शेवटी घरी जाऊन मी तो उरलेला अर्धा तुकडा आणला, त्यांच्यासमोर धरला आणि सगळं नीट सांगितलं. ही बाई कोण, केव्हाची, तिचा नवरा कोण. वहिनींनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं.

"म्हणजे मेलेली आहे?"

"कधीच!"

"अगंबाई," असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी चाचींना काय काय सांगून बसले!"

त्यांनीच मग वेल्ह्याचा बूथ लावून दिला. बूथवाल्यानं सांगितलं, डॉक्टरांच्या आई आल्यात, दोघं खोलीवर आहेत, डॉक्टर आत्ताच दूध घेऊन गेले. आवाजावरून सगळं ठीक वाटत होतं. मला एकदा वाटलं, आपणही जावं. पण शुक्रवारी शाळेत तपासणी होती, आणि खरं सांगायचं तर अम्मींच्या तावडीतून नवऱ्याला सोडवायची मला काही घाई नव्हती.

तिकडे काय घडलं ते नंतर त्यानं मला सांगितलं. अम्मी वेल्ह्याच्या स्टँडवर उतरल्या आणि सरळ दवाखान्यात गेल्या. तो एका वाडीवर गेला होता. अम्मींनी कंपाउंडरला, म्हणजे एका सरळमार्गी म्हाताऱ्या गृहस्थाला, विचारलं, "ह्येच्या खोलीवर कोण येतं-जातं?" ते म्हणाले, "कुणी नाही. साहेब दवाखाना बंद झाला की खोलीवर जातात आणि एकटेच हसत बसतात." अम्मींना हे ऐकून आणखीच काळजी वाटली. किल्ली घेऊन त्या खोलीवर गेल्या. तिथं एक ताट, एक पेला, एक चादर. पलंगाखाली बघितलं, दाराच्या मागं बघितलं. उशीखाली हात घातला तर अर्धं पुस्तक. त्यांनी स्वतःच्या हातांनी वाटून दिलेलं.

तो वाडीवरून आला तो चिखलानं भरलेला, आणि दारात अम्मी.

"ती हसनारी कुठं हाय?"

"कोण, अम्मी?"

"जी तुला आवडती ती. तुझी बायको भर दुकानात रडत व्हती."

मी अजिबात रडले नव्हते, पण बातमी भोरहून वेल्ह्याला पोचेपर्यंत एवढी वाढ होणारच. नवरा आधी गोंधळला, मग त्याला बुधवारचा फोन आठवला. त्यानं पुस्तक उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं. "ही."

अम्मी दुसरीपर्यंत शिकलेल्या. दुकानाच्या पाट्या वाचायच्या, कुराणाची अक्षरं वाचायच्या, पण असं जाड मराठी पुस्तक त्यांनी कधी हातात घेतलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला काय समजनार? वाचून दाखीव. खोटं असलं तर मला लगेच कळंल."

म्हणून त्यानं पुरावा द्यायला वाचायला सुरुवात केली. नऊ वर्षांची मुलगी सासरी येते तिथपासून. अम्मी आधी हाताची घडी घालून, साक्ष घेणाऱ्या माणसासारख्या बसल्या होत्या. भटजींच्या नकलेला त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. चुलत सासूच्या नकलेला त्या भिंतीला टेकल्या. मग तो थांबला तर म्हणाल्या, "थांबतो कशाला? यष्टी तर गेली माझी."

त्या शुक्रवारीही राहिल्या. दिवसा त्याच्या खोलीतली भांडी घासली, त्याच्यासाठी मसाला कुटून ठेवला, आणि तो दवाखान्यातून आला की पुढचं वाचून घेतलं. कंपाउंडरही उंबऱ्याशी येऊन बसायचे. शनिवारी दोघं मिळून परत आले. मी दारात उभी होते. म्हटलं, आता आपल्याला थोडं तरी रागावतील. अम्मींनी चप्पल काढली, पाय धुतले आणि म्हणाल्या, "फुडचं कुठं हाय? काढ."

"अम्मी, आधी चहा तरी घ्या."

"चहा व्हतो. तिचं काय झालं त्ये सांग."

आता मी अडचणीत आले. माझा भाग वाचून झाला होता. मी जपून म्हटलं, "अम्मी, पुढं ती फार तुसडी होते हो. तुम्हाला आवडायची नाही."

अम्मींनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांच्या माहेरच्या माणसाबद्दल बोलले होते. "तू तिला लहानपनी बघितली न्हाईस. तुला काय ठावं?"

रविवारी जेवणं झाल्यावर परसात चटई टाकली. अम्मी पावटे सोलायला बसल्या. नवरा आडवा पडला, आणि वहिनी प्रायश्चित्त म्हणून वाटीभर चिवडा घेऊन आल्या, त्या तिथंच बसल्या. मी वाचायला लागले. जे मी एकदा वाचलं होतं तेच, पण या वेळी ऐकणाऱ्यांतली दोघं तिला लहानपणापासून ओळखत होती, आणि त्यामुळं मला जिथं काहीच दिसलं नव्हतं तिथं ती दोघं थांबत होती. सून दूध उतू घालवते आणि ही अबोला धरते, तिथं अम्मी म्हणाल्या, "आबोला न्हाई त्यो. तिच्या सासूनं हितंच तिला डागली व्हती ना, दूध उतू गेल्यावर? ती हात दाबून बसलीया. आपल्या हातनं सुनंला काही होऊ नये म्हनून."

मी वर बघितलं. नवऱ्यानं मान हलवली. "पहिल्या भागात आहे."

तरुण मंडळींना ती दारातून परत पाठवते, तिथं नवरा म्हणाला की पहिल्या भागात अशाच एका मंडळीतल्या माणसानं तिच्या नवऱ्याचं लिखाण नेलं होतं आणि परत दिलं नव्हतं. त्याआधी तिनंच ते रांगोळीच्या डब्यात जपून ठेवलं होतं, आणि नवऱ्याला त्याची दादही नव्हती. मी वाचत राहिले, पण माझा आवाज जरा खाली आला होता.

मग ती शोकसभा आली. थोर लेखक वारले आहेत. सभा त्यांच्याच अंगणात भरली आहे. गावोगावचे विद्वान आलेत, एकामागून एक भाषणं चालली आहेत. दिवंगतांच्या गुरूंचे आभार, मित्रांचे आभार, आश्रय देणाऱ्यांचे आभार. तिचं नाव कुणीच घेत नाही. ती दाराच्या आड अंधाऱ्या खोलीत बसली आहे. बाहेर एक फार मोठे वक्ते उभे राहतात, त्यांना दम्याचा त्रास, दर दोन शब्दांनंतर श्वास घेतात. आणि लेखिकेनं लिहिलं होतं की दाराआड तिचे ओठ हलत होते.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं, ती देवाचं नाव घेतेय. नवरा गेलाय, बाई जप करत असेल, दुसरं काय करेल? मी तसंच, जरा गंभीर आवाजात, वाचून पुढं जायला लागले.

"थांब," अम्मी म्हणाल्या. "परत वाच."

मी परत वाचलं.

अम्मींच्या हातातला पावटा तसाच राहिला. "अगं, नक्कल करतीया ती!"

"अम्मी, ती जप—"

"जप कसला? सासऱ्याच्या माघारी घरात तिला हसायची-बोलायची बंदी झाली, तवा ती अशीच करायची. आवाज न काढता. नुसत्या ओठांनी. मोरीत भांडी घासताना चुलत सासूला करायची. आन् दम लागलेल्या भटजीची तर पैलीच नक्कल तिची! ह्यो बी तसाच बोलतोय न्हवं, थांबत थांबत?"

नवरा उठून बसला होता. त्यानंही वाचला नव्हता हा भाग, पण त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलं. आणि मग अम्मी हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत राहिल्या. "दाराआड बसलीया, सगळी तिला इसरलीत, आन् ही बाई त्यांच्याच नकला करतीया!" वहिनींना आधीची गोष्ट माहीत नव्हती, पण त्याही हसायला लागल्या, आणि एकीकडं पदरानं डोळेही टिपत होत्या.

लेखिकेनं याबद्दल एक शब्दही जास्तीचा लिहिला नव्हता. ओठ हलत होते, एवढंच लिहून ती पुढच्या वक्त्याकडं गेली होती. मी ते पान परत वाचलं. आठवडाभर ज्या बाईशी मी भांडत होते, ती त्या ओळीत बसून मजेत होती. अंगणातल्या एवढ्या विद्वानांना ती दिसली नाही, आणि मलाही दिसली नव्हती. मला जरा लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. आपलं कुणी बरं नाही असं वाटत असताना कळावं की अहो, ते माणूस खुशाल आहे, तसा.

पुढची पानं थोडीच होती. मी ती वाचून संपवली. अम्मींनी सोललेले पावटे बाजूला ठेवले आणि एक मोठा सुस्कारा टाकला. "चांगली बाई व्हती," त्या म्हणाल्या. जवळच्या माणसाच्या घरून परत आल्यावर म्हणतात तशा आवाजात.

सोमवारी सकाळी भांडणाचा प्रश्न आला नाही. नवरा दुसरा भाग घेऊन वेल्ह्याला गेला, मला पहिला मिळाला. त्या आठवड्यात मी तो वाचला. नकला वाचताना मी हसत होते खरी, पण पुढचं सगळं माहीत असल्यामुळं त्या मुलीवरून नजर हटत नव्हती. ती चिंचेच्या झाडावर चढलेली असते आणि खालून सासरा ओरडत असतो, तिथं तर मला वाटलं, तिला अजून थोडा वेळ तिथंच राहू द्यावं आणि पान उलटूच नये. बुधवारी नवऱ्याचा फोन आला. या वेळी तो हळू बोलत होता. म्हणाला, "कंपाउंडरकाकांना वाचून दाखवली शोकसभा. त्यांना तर लगेच कळलं." मी म्हटलं, "म्हणजे मी एकटीच मंद." वहिनी गल्ल्यावरून जोरात म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर, आमच्या बाई हुशार आहेत!" आता त्या उघड उघड ऐकायच्या.

पुस्तक परत केलं तेव्हा ग्रंथपालांनी दोन्ही तुकडे तपासले आणि विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, "दोन जणांनी मिळून वाचायची आहे." त्यांनी ते सुतळीनं बांधलं आणि पुढच्या बाईंच्या हवाली केलं.

अम्मींच्या डोक्यातून मात्र ती बाई जाईना. त्यांनी घरात नकला करायला सुरुवात केली. आमच्या हेडमास्तरांची केली, एस.टी. कंडक्टरची केली, वहिनींची तर वहिनींसमोरच केली. पण खरं सांगते, त्यांना नक्कल अजिबात जमायची नाही. हेडमास्तर, कंडक्टर आणि वहिनी, तिघंही त्यांच्यात हुबेहूब अम्मींसारखेच बोलायचे, कामथडीच्या बोलीत आणि त्याच दणदणीत आवाजात. आम्ही हसायचो ते त्यालाच. त्यांना वाटायचं, नक्कल साधली.

एकदा अशाच एका रविवारी मी त्यांना विचारलं, "अम्मी, तुम्ही लहानपणी काय करायचात?" मी विचारायचं म्हणून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "म्या? म्या शेरडं राखायची."

"आणि?"

"आनि काय? शेरडं पार सडकंच्या पल्याड जायची. टरकांच्या आवाजात हाका ऐकू जायच्या न्हाईत. मग असं करायची."

आणि त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली. अशी शीळ मी जन्मात ऐकली नव्हती. कोंबड्या कुंपणावर उडाल्या. वहिनी दुकान सोडून धावत आल्या. माझा नवरा, त्यांचा सख्खा मुलगा, तिशीचा माणूस, हातात कप घेऊन तसाच उभा राहिला.

"अम्मी, हे तुम्हाला येतं?" त्यानं विचारलं.

"येतं की."

"मग कधी वाजवली नाहीत?"

"शेरडं कुठं हाईत हितं?" अम्मी म्हणाल्या, आणि पदराला बोटं पुसून परत भाजी निवडायला बसल्या.

गल्लीतली पोरं पुढं कितीतरी दिवस शिकवा म्हणून त्यांच्या मागं लागली होती. त्यांनी कुणाला शिकवली नाही. मला मात्र शिकवली, एका सुट्टीत, परसात दार लावून. मला अजून ती धड येत नाही, नुसती हवा निघते. पण अम्मी समोर बसून म्हणायच्या, "जीब मागं घे. आणखी मागं. व्हय, आता फुंक."